पायाभोवतीचा पिंजरा : प्रस्तावना

नडगीचं हाड मोडलेल्या बहुतेकांना या पुस्तकाची गरज पडणार नाही. हाड मधोमध मोडलंय, कातडी शाबूत आहे, तुकडे फारसे सरकलेले नाहीत, तर प्लास्टर पुरतं. सरकलेले असतील तर गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत रॉड सरकवतात, वर-खाली स्क्रू मारतात आणि पेशंट थोड्याच दिवसांत वॉकर धरून चालायला लागतो. आजच्या घडीला अशा फ्रॅक्चरला हाच उपचार पहिला, आणि तो चांगला आहे. हे पुस्तक उरलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या जखमेतून हाड बाहेर आलं, ज्यांच्या हाडाचे तुकडे रस्त्यावरच राहिले, गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यापाशी ज्यांच्या नडगीचा चुरा झाला, ज्यांच्या आधीच्या ऑपरेशनच्या जागी पू होऊन प्लेट काढावी लागली, त्यांच्यासाठी. अशांच्या पायाला बाहेरून चौकट बसवतात. कागदोपत्री ती एक्स्टर्नल फिक्सेटर. वॉर्डात तिला कुणी 'रिंग' म्हणतं, कुणी 'सळ्या', आणि नातेवाईक सरळ 'पिंजरा' म्हणतात.

नडगीच एवढी का छळते, हे आधी समजून घ्यायला हवं. गुडघ्याखाली पुढून बोट फिरवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागतं. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांस आहे. नडगीला ते फक्त मागे आणि बाहेरच्या अंगाला, आतली-पुढची बाजू उघडीच म्हणायची. पलंगाच्या कडेवर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळेच. मोटारीचा बंपर, उलटलेली दुचाकी, उसाच्या ट्रॉलीचं चाक, सगळ्यांचा मार नेमका याच उंचीवर बसतो. लांब हाडांमध्ये मोडण्यात नडगी पहिली, आणि मोडताना कातडी फाडून बाहेर येण्यातही तीच पुढे.

दुसरी अडचण रक्ताची. या हाडाला रक्त दोन वाटांनी मिळतं. एक मुख्य रक्तवाहिनी मागच्या बाजूने वरच्या भागात हाडात शिरते आणि आतल्या पोकळीतून खाली उतरते. दुसरा पुरवठा भोवतालच्या मांसाकडून, हाडावरच्या पातळ आवरणामार्फत होतो. हाड मोडलं की आतली वाट तुटते आणि सगळी भिस्त बाहेरच्या आवरणावर येते. घोट्याच्या वरच्या तिसऱ्या भागात मांस जवळजवळ नाहीच, नुसत्या कंडरा. तिथे कातडी फाटून ते आवरणही खरवडलं गेलं तर हाडाच्या तुकड्याला जगायला काही उरत नाही. मेलेलं हाड जुळत नाही, उलट जंतूंना बसायला जागा देतं. म्हणून अशा पेशंटचा एक्स-रे बघण्याआधी अनुभवी डॉक्टर जखम बघतो, पायाच्या बोटांचा रंग बघतो, घोट्याजवळची नाडी चाचपतो. मोडलेलं हाड चार तास थांबू शकतं; रक्त बंद झालेला पाय थांबत नाही.

डिस्चार्ज कार्डावर 'ग्रेड थ्री बी' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घरचे ते कॅन्सरच्या स्टेजसारखं वाचून घाबरतात. ही विभागणी अमेरिकेतल्या गस्टिलो आणि अँडरसन या दोघांनी १९७६ साली मांडली आणि १९८४ मध्ये तिसऱ्या गटाचे ए, बी, सी असे पोटभाग पडले. पहिला गट म्हणजे सेंटिमीटरभराहून लहान जखम. तिसऱ्यातल्या 'बी'चा अर्थ एवढाच, की हाड झाकायला जागेवर पुरेसं मांस आणि कातडी उरलेली नाही, प्लास्टिक सर्जनला दुसरीकडून आणावी लागेल. 'सी' म्हणजे दुरुस्त करावी लागेल अशी मोठी रक्तवाहिनीही तुटली आहे. पहिल्या रात्रीची कामं ठरलेली असतात. अँटिबायोटिक जितक्या लवकर तितकं बरं, भरपूर पाण्याने धुणं, मेलेलं मांस आणि सुटं हाड निर्दयपणे काढून टाकणं. मग हाड स्थिर करणं.

इथे बाहेर थांबलेले भाऊ किंवा काका हमखास म्हणतात, "डॉक्टर, एकदाच काय तो आतून रॉड टाकून मोकळे व्हा ना, हे सळ्यांचं कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. स्वच्छ, लवकर धुतलेल्या, मांसाने झाकता येणाऱ्या उघड्या जखमेत आतून रॉड टाकतातच, आणि निकाल चांगले येतात. पण जिथे माती, शेण, डांबर हाडापर्यंत गेलंय, जिथे दोन दिवसांनी पुन्हा धुवावं लागणार हे दिसतंय, तिथे धातूचा लांब तुकडा आत ठेवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. जंतू धातूवर चिकट थर करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा जखमेपासून दूर, वर दोन आणि खाली दोन जाड पिना हाडात बसवायच्या आणि त्यांना बाहेरून सळीने जोडायचं. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. पाय लांबीत येतो, जखम उघडी राहते, ड्रेसिंग करता येतं, प्लास्टिक सर्जनला काम करायला वाव मिळतो. ही चौकट बहुधा तात्पुरती असते. कायमची, म्हणजे हाड जुळेपर्यंतची चौकट वेगळी. पुस्तकाचा मोठा भाग तिच्यावर आहे.

मोडलेला पाय बाहेरून ताणून धरायची कल्पना जुनी आहे. घोट्यावर आणि गुडघ्याखाली चामड्याची कडी बांधून त्यांच्यामध्ये लवचीक काठ्या अडकवायच्या, असं वर्णन हिपोक्रॅटिसच्या ग्रंथांत सापडतं. हाडातच टोचणारी साधनं फ्रान्समध्ये मालगेन यांनी १८४०च्या दशकात वापरली. अँटवर्पच्या लांबॉत यांनी १९०२ मध्ये पिना आणि सळीची चौकट केली, जिनिव्हाच्या हॉफमन यांनी १९३८ मध्ये ती फिरत्या सांध्यांनी जुळवती केली. हे हॉफमन धर्मशास्त्र शिकलेले आणि सुतारकाम जाणणारे होते, आणि त्यांच्या चौकटीत ते दिसतं. दुसऱ्या महायुद्धात पिनांच्या भोकांतून झालेल्या पुवामुळे अमेरिकी सैन्याने असल्या चौकटींना जवळपास बंदीच घातली. पुढची मोठी उडी अशा ठिकाणी पडली जिथे कुणाचं लक्ष नव्हतं.

गाव्रिल इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. बालपण कॉकेशसच्या डोंगराळ भागातल्या एका गरीब ज्यू कुटुंबात गेलं. क्रिमियातलं त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय युद्धामुळे कझाकस्तानात हलवलं गेलं. तिथून १९४४ साली पदवी घेऊन बाहेर पडल्यावर सरकारने त्यांना पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान प्रांतात दोल्गोव्का नावाच्या खेड्यात पाठवलं. त्या भागात युद्धावरून परतलेले सैनिक होते. कुणाचं हाड जुळलेलं नाही, कुणाचा पाय आखूड, कुणाच्या जखमेतून वर्षानुवर्षं पू वाहतोय. महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहणं हाच उपचार, आणि त्याने सांधे आखडून पेशंट आणखी निकामी व्हायचा. इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास आपलं साधन सिद्ध केलं. पायाभोवती गोल कड्या, कडीतून हाडात आरपार जाणाऱ्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळ्या, एवढाच ऐवज.

यातली खुबी तारेत आहे. ती जाडीला १.५ किंवा १.८ मिलिमीटर. नुसती ठेवली तर बोटाने वाकेल. पण कडीला घट्ट करण्याआधी ती खास ताणयंत्राने साधारण १०० ते १३० किलोच्या जोराने ताणतात. सायकलच्या चाकाचंच गणित आहे हे: एकेक तार किरकोळ, पण ताणून कडीला बांधलेल्या सगळ्या मिळून माणसाचं वजन पेलतात. पेशंटने पाय टेकला की तारा किंचित लवतात, हाडाचे तुकडे वर-खाली केसभर हलतात, मात्र आडवे सरकत नाहीत किंवा पिळले जात नाहीत. हा केसभर दाब हाडाला हवाच असतो. म्हणून पिंजरा लावलेल्या माणसाला आम्ही चालायला लावतो. घरचे मात्र प्रेमापोटी त्याला पलंगावरून उतरू देत नाहीत. हे प्रेम हाडाला मानवत नाही.

पुढचा शोध अधिक नवलाचा. एका पेशंटने सांगितल्याच्या उलट दिशेने नट फिरवले, दोन टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली, आणि एक्स-रेत त्या फटीत नवं हाड दिसलं, असा किस्सा जगभर सांगतात. किस्सा मजेदार आहे. पण मला इलिझारोव्ह मोठे वाटतात ते पुढची अनेक वर्षं कुत्र्यांवर त्यांनी चिकाटीने केलेल्या प्रयोगांमुळे. हाड हलक्या हाताने, आतली रक्तवाहिनी जपत कापायचं. काही दिवस थांबायचं. मग दोन्ही टोकं सावकाश एकमेकांपासून दूर न्यायची. दिवसाला अर्धा मिलिमीटर नेली तर फट आधीच भरून बंद होते. दोन मिलिमीटर नेली तर ऊतींना ताण झेपत नाही, हाड पातळ येतं. एक मिलिमीटर, आणि तोही एका दमात न करता चार हप्त्यांत, हे प्रमाण उत्तम ठरलं. हाडाबरोबर कातडी, नसा, रक्तवाहिन्या आणि स्नायूही ताणाला प्रतिसाद देत वाढतात. या प्रयोगांचे त्यांचे इंग्रजी लेख १९८९ मध्ये छापून आले, म्हणजे काम झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

मधल्या काळात मॉस्कोतल्या मातब्बरांनी त्यांना फारसं जवळ केलं नव्हतं. कुर्गानच्या सायबेरियन डॉक्टरचं नाव देशभर झालं ते व्हालेरी ब्रूमेलमुळे. टोकियो ऑलिंपिकमध्ये १९६४ साली उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला, २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला हा खेळाडू १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सापडला आणि त्याच्या नडगीचा चेंदामेंदा झाला. ऑपरेशनांमागून ऑपरेशनं झाली, पाय आखूड राहिला, हाड काही जुळेना. शेवटी तो कुर्गानला गेला. इलिझारोव्ह यांच्या हाताखालून निघाल्यावर त्याने पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारली. पुढे १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संस्था उभी राहिली.

पश्चिमेकडची दारं उघडली ती आणखी एका मोडलेल्या नडगीने. इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी थोर हेयरडालच्या 'रा' या पपायरसच्या नौकेवर होता. त्याच नौकेवर युरी सेंकेविच हा सोव्हिएत डॉक्टरही होता. मौरीची स्कीइंगमध्ये मोडलेली नडगी वर्षानुवर्षं त्रास देत होती. सेंकेविचने त्याला कुर्गानची वाट दाखवली. तिथून १९८० मध्ये तो बरा होऊन परतला तेव्हा त्याच्या लेक्को गावच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विश्वासच ठेवला नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी इलिझारोव्ह यांना बेल्लाजिओच्या परिषदेत बोलावून घेतलं. वयाच्या साठाव्या वर्षी ते पहिल्यांदा पश्चिमी शल्यचिकित्सकांपुढे बोलले, आणि त्यानंतर लेक्को हे या पद्धतीचं युरोपातलं माहेर झालं. इलिझारोव्ह १९९२ मध्ये वारले.

आपल्याकडेही ही विद्या नुसती आयात झाली नाही. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, सळ्या आणि साधे सांधे वापरून हात-पावलांसाठी स्वस्त आणि हलकी चौकट तयार केली. 'जेस' या नावाने ती देशभर वापरतात, जन्मतः वाकड्या पावलांसाठीसुद्धा. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह उपचारांचं केंद्र चालवलं. मोठ्या शहरांबाहेरही हे काम होऊ शकतं याचा तो दाखला. दोल्गोव्कातून निघालेल्या तंत्राला ते साजेसंच आहे.

आता घराकडे वळतो, कारण या उपचाराचा मोठा भाग घरीच होतो. समजा नडगीचा पाच सेंटिमीटरचा भाग गेला. गुडघ्याजवळ, जिथे हाड पोकळसर आणि रक्ताने समृद्ध असतं, तिथे ते कापतात. पाच-सात दिवस काहीच करायचं नाही. मग मधला तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवत न्यायचा. त्याच्यामागे नवं हाड धरत जातं. ऑपरेशन करणारा डॉक्टर हे रोज करत नाही. हे करतात बायको, आई, कधी शाळकरी मुलगी. सळीच्या आट्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. दहा नंबरचा पाना लागतो, सायकलच्या दुकानात मिळतो तोच. चौकोनी डोक्याच्या नटावर प्रत्येक बाजूला ठिपके असतात. ते नसतील तर नेलपॉलिशची खूण करतात. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपताना. वहीत वेळ आणि खूण लिहायची. एका घरी ही वही दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर चालली होती, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. नोंद एकही चुकलेली नव्हती.

या हिशेबाने पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस नट फिरतो. तिथे संपलं असं समजू नका. एक्स-रेत ती जागा अजून धुरकट असते, दोन्ही टोकांकडून उभ्या रेघा येत असतात आणि मध्ये काळा पट्टा. ते पांढरं, घट्ट व्हायला त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागतो. एका सेंटिमीटरमागे पिंजरा महिना ते दोन महिने असं धरून चाला. सरकवलेला तुकडा पलीकडच्या टोकाला जाऊन भिडतो तिथे बऱ्याचदा कमरेच्या हाडाचा चुरा आणून भरावा लागतो, म्हणजे आणखी एक ऑपरेशन. हे आधी न सांगणाऱ्या डॉक्टरवर पेशंटचा विश्वास सहाव्या महिन्यात उडतो, आणि योग्यच आहे ते. पिंजरा काढायची तारीख एक्स-रे ठरवतो. समोरून आणि बाजूने मिळून हाडाच्या चार कडा दिसतात, त्यांतल्या किमान तीन भरलेल्या हव्यात. पुतण्याचं लग्न आहे म्हणून दोन आठवडे आधी काढलेला पिंजरा नव्या हाडाला वाकवू शकतो.

पिनांच्या जागेतला जंतुसंसर्ग हा या उपचाराचा रोजचा कर आहे. तो पुष्कळांना कधी ना कधी होतो. बहुतेक वेळा स्वच्छता आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी आवरतो. हाताची स्वच्छता, उकळून गार केलेलं पाणी किंवा डॉक्टरांनी दिलेलं द्रावण, पिनेभोवती गॉज, खपली जमली तर हलक्या हाताने काढणं. हळद, तेल, राख काही नको. हाडवैद्याच्या पट्ट्याही इथे नकोत. बंद फ्रॅक्चरचे त्यांचे किस्से ऐकून घ्या, उघड्या जखमेला हात लावू देऊ नका.

आणि तंबाखू. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतो, हाड उशिरा जुळतं किंवा जुळतच नाही. विडी सोडली म्हणणाऱ्याच्या खिशात पुडी असते. "व्यसन नाही" म्हणणाऱ्या आजीबाई सकाळी मिश्री लावतात आणि त्यांच्या लेखी ती दात घासण्यात मोडते. डॉक्टरने नुसतं 'सिगारेट ओढता का' विचारून भागत नाही. महिनोन् महिने बाहेरून लावलेली चौकट, प्लास्टिक सर्जरी, घरच्यांची जागरणं, आणि आतून रोज हाडाचं रक्त तोडायचं, हा व्यवहार कुणाच्याच हिताचा नाही.

पिंजऱ्याने प्रत्येक पाय वाचतो असा समज या पुस्तकाने होऊ नये. अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा केंद्रांनी मिळून गंभीर जखमी पायांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय काढलेले यांच्या जगण्यात मोठा फरक दिसला नाही. वाचवलेल्यांना पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तिथलं सगळं इथे लागू होत नाही. आपल्याकडे उकिडवं बसणं आहे, चिखलातलं शेत आहे, आणि चांगला कृत्रिम पाय सगळ्यांना परवडत नाही. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने २००६ मध्ये आपल्या पेशंटवरून गुणांची एक पद्धत मांडली: कातडी, हाड, स्नायू यांना गुण द्यायचे, १४ किंवा कमी असतील तर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा, १७ किंवा जास्त असतील तर पाय काढण्याचा विचार करायचा, मधल्यांचा निर्णय अनुभवी मंडळींनी मिळून घ्यायचा. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण ती मधल्या गटाची जबाबदारी आकड्यावर ढकलत नाही. वर्षभर पिंजरा वागवून शेवटी पाय काढावा लागलेला माणूस आणि पहिल्याच आठवड्यात पाय काढून सहा महिन्यांत कामावर रुजू झालेला माणूस, दोघेही मी पाहिलेत. दुसऱ्याला कमनशिबी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नव्या प्रकारच्या चौकटीही आल्या आहेत. सहा तिरप्या दांड्यांची, कॉम्प्युटरने हिशेब करून वाकडेपणा आणि पीळ एकाच वेळी सरळ करणारी चौकट आता आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळते. एका बाजूने बसणारी रेलही पुष्कळ वापरतात. तिला सांभाळणं सोपं, पायजमा घालायलाही सोपं. पण कंपनी कोणतीही असो, आतलं काम मांस, रक्त आणि वेळ यांनीच होतं.

लेखकाने पुस्तक डॉक्टरांसाठी लिहिलेलं नाही, पेशंट आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिलंय, ही त्याची मोठी जमा बाजू. उणीव एक दाखवतो: पैशांवरचं प्रकरण तोकडं आहे. कामावरून महिनोन् महिने घरी बसलेल्या कमावत्या माणसाच्या घरात काय होतं, ते पुढच्या आवृत्तीत सविस्तर यायला हवं.

पिंजरा बसवायचं ठरलं असेल तर ऑपरेशनच्या आधी घरातल्या दोघांनी पिनांच्या निगेचं आणि नट फिरवण्याचं अशी दोन प्रकरणं वाचावीत. एकट्याने नको, तो एकटा कधीतरी गावाला जातो. ताप आला, पिनेभोवती लाल होऊन ठणकायला लागलं, तार तुटल्याचा टक् असा आवाज आला, बोटं बधिर झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डॉक्टर, ड्रेसिंग करणारी सिस्टर आणि जवळची रुग्णवाहिका यांच्या फोन नंबरांसाठी तीन ओळी मुद्दाम कोऱ्या सोडल्या आहेत. त्या आजच भरून ठेवा.